पार्ट नवे, आवाज मात्र आहेच : सस्पेन्शनची खडखड शोधायची कशी?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी आजचा भाग नेहमीसारखा लिहून देतोय. अडचण एकच आहे. रेकॉर्डिंगमध्ये मी तोंडानं काढलेले सगळे आवाज इथं तुम्हाला अक्षरांत वाचावे लागणार. सांभाळून घ्या.

सुरुवात आमच्या काकांपासून करतो. काका वाईत राहतात, आणि आठवड्यातून दोनदा तरी त्यांची पाचगणीला फेरी असते. म्हणजे पसरणी घाट चढायचा आणि उतरायचा. गाडी खड्ड्यात गेली की बोटीसारखी डुलत राहायची, म्हणून त्यांनी पुढचे दोन्ही शॉकअप बदलले. डुलणं थांबलं, पण दुसऱ्या दिवशीपासून गल्लीतल्या बारीक खड्ड्यांवर टक-टक, टक-टक सुरू झालं. गॅरेजवाला म्हणाला, "लिंक रॉड गेलेत." ते बदलले, आवाज तसाच. मग तो म्हणाला, "आता स्टेअरिंग रॅकच टाकावा लागेल." रॅकचा खर्च ऐकून काकांनी मला फोन केला.

तो रॅक शेवटी टाकावा लागला नाही. का, ते पुढं सांगतो. आजच्या भागातला मुद्दा एवढाच आहे, की काम केल्यावर जो आवाज नव्यानं सुरू होतो, तो बहुतेक वेळा त्या कामातच असतो. नवा पार्ट घेण्याआधी नुकताच बसवलेला पार्ट नीट बसलाय का, ते बघा.

पहिला प्रश्न : आवाज जुना की नवा?

स्वतःला विचारा, पार्ट बदलायच्या आधीही हाच आवाज होता का? हाच होता, तर बदललेला पार्ट गुन्हेगार नव्हता. शेजारचा कुणीतरी आहे. आवाज आधी नव्हता आणि गॅरेजमधून निघाल्यावर सुरू झाला, तर ज्या ज्या नटाला पाना लागला तो प्रत्येक नट संशयित.

एवढं ठरलं तरी निम्मं काम झालं. पण हे गॅरेजवाल्याला आपण सांगतच नाही. "गाडी वाजतेय" एवढंच म्हणतो.

आवाजाची हजेरी मांडा

लोखंडातून आवाज कुठूनही कुठंही जातो. डावीकडं वाजलेलं उजवीकडं ऐकू येतं. त्यामुळं कानावर विसंबू नका, आवाज कधी येतो ते लिहा. शेजारी कुणाला तरी बसवा, त्याच्या मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा, आणि चालवताना मोठ्यानं बोला : "स्पीड वीस, ब्रेक नाही, डावीकडं वळतोय."

वाईकरांना यासाठी वेगळा ट्रॅक नको. घाटाकडच्या गल्ल्यांत हळू चालवा, तिथं बारीक हादरे मिळतात. मोकळ्या मैदानात स्टेअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवा. सुरूरला हायवेवर गेलात की सरळ रस्त्यावरचा वेग मिळतो. यात काही धोक्याचं वाटलं नाही तरच पसरणी घाटात जा.

कुठल्या आवाजावर कुणाचा संशय?

*हळू वेगात बारीक खड्ड्यांवर टक-टक :* शॉकअपचा वरचा नट, वरचं माउंटिंग किंवा लिंक रॉड. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढं मॅकफर्सन स्ट्रट असतात, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबात. त्या खांबाचं टोक बॉनेट उघडल्यावर दिसतं. गाडी उभी असताना त्या टोकावर अलगद हात ठेवा आणि दुसऱ्याला गाडी दाबून हलवायला सांगा. टोक ढिलं असेल तर टक हाताला जाणवतं.

*उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवलं की "टुंग" :* स्प्रिंग अडकून सुटतेय. वरचं बेअरिंग खराब असेल, उलटं बसलं असेल, किंवा स्प्रिंगचं टोक तिच्या खाचेत बसलेलं नसेल.

*स्टेअरिंग पूर्ण वळवून रेस दिली की चाकाच्या तालात कट-कट-कट :* हे सस्पेन्शन नाही, ॲक्सलचा सीव्ही जॉइंट बघा.

*वेगाबरोबर वाढणारी घूंऽऽ :* चाकाचं बेअरिंग, किंवा वेडेवाकडे झिजलेले टायर.

*खडखड, पण ब्रेकवर हलका पाय ठेवला की गायब :* ब्रेक पॅड किंवा त्याची क्लिप. शॉकअप बदलताना तिथंही हात लागतोच.

*कुंई-कुंई :* कोरडा किंवा पिळलेला रबर बुश. बुशवर साबणाचं पाणी मारा. थोडा वेळ आवाज बदलला, तर जागा सापडली. मात्र जुनं ऑइल ओतू नका, त्यानं रबर फुगतं आणि खराब होतं.

आणि हो, सगळ्यात आधी डिकीतला जॅक, पाना आणि स्टेपनी घट्ट आहेत का ते बघा. हसू नका. यासाठी लोकांनी शॉकअप बदललेत.

लटकत्या चाकावर आवळलेला बुश

आता जी चूक सगळ्यात जास्त होते आणि सगळ्यात कमी कळते, ती सांगतो.

लोअर आर्मच्या बुशमध्ये आत लोखंडी नळी, बाहेर लोखंडी कडं आणि मधे रबर असतं, एकमेकांना चिकटलेलं. आर्म वर-खाली होतो तेव्हा हे रबर थोडं पिळतं आणि परत सरळ होतं. गाडी उचललेली असताना चाक खाली लटकतं. त्याच अवस्थेत बोल्ट पूर्ण आवळला, तर लटकलेली स्थिती हीच रबराची "सरळ" स्थिती होते. मग गाडी जमिनीवर आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं.

त्यामुळं गाडी कडक वाटते, कधी किंचित उंच उभी राहते, कुंई-कुंई वाजते, आणि नवा बुश लवकर फाटतो. आपण म्हणतो, "पार्ट डुप्लिकेट निघाला." पार्ट बिचारा ओरिजिनल असतो!

उपाय फुकटातला आहे. गाडीचं वजन चाकांवर असताना, म्हणजे खड्ड्यावर किंवा अलाइनमेंटच्या रॅम्पवर, ते बोल्ट ढिले करायचे, गाडी दोन-तीनदा दाबायची आणि कंपनीनं सांगितलेल्या मापानं टॉर्क पान्यानं आवळायचे. लिंक रॉडच्या बाबतीत दोन्ही चाकं एकाच उंचीवर हवीत. एकच बाजू जॅकवर असेल तर स्टॅबिलायझर बार ताणलेला असतो.

आवाज नाही, पण गाडी पहिल्यासारखी चालत नाही

गाडी एका बाजूला ओढते किंवा स्टेअरिंग तिरकं झालंय? स्ट्रट किंवा लोअर आर्म काढून बसवल्यावर चाकांचा कोन बदलतो, म्हणून व्हील अलाइनमेंट करावंच लागतं. त्यात हयगय केली तर टायर एका कडेनं खातो.

कडक वाटतेय? आधी हवा तपासा. गॅरेजमध्ये बऱ्याचदा जास्त भरलेली असते. मग पार्ट नंबर बघा. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीला स्प्रिंग वेगळी असू शकते, कारण इंजिनाचं वजन वेगळं असतं.

एकाच बाजूचा शॉकअप बदललाय? मग गाडी दोन्हीकडं सारखी वागणार नाही. शॉकअप जोडीनंच बदलायचे. आणि नवा शॉकअप आडवा पडून राहिलेला असतो, त्यामुळं आत हवा आणि तेल मिसळलेलं असू शकतं. बसवायच्या आधी तो उभा धरून तीन-चार वेळा पूर्ण दाबून सोडायचा असतो.

इथं थांबायचं, टेस्ट राइड नको

बॉल जॉइंटला खेळ असेल, स्प्रिंग तुटलेली असेल, टायर कुठं घासत असेल, चाकाचा नट ढिला असेल किंवा स्टेअरिंग मोकळं फिरत असेल, तर गाडी हलवू नका. पाचगणीहून घाट उतरताना प्रत्येक वळणावर ब्रेक लागतो आणि सगळं वजन पुढच्या बाहेरच्या चाकावर येतं. सपाटीवर "थोडं वाजतंय" म्हणून सोडलेला बॉल जॉइंट तिथं निसटला, तर चाक आडवं होतं आणि स्टेअरिंग हातात असून उपयोग नसतो.

घरी तपासणार असाल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नका. खाली स्टँड हवा, चाकांना दगड हवा. आणि चाकं काढून बसवली असतील तर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा.

काकांच्या गाडीचं काय झालं?

आम्ही एका जुन्या मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी पाना उचलायच्या आधी विचारलं, "काका, हा आवाज शॉकअप टाकायच्या आधी होता का?"

"नव्हता."

"मग रॅक राहू द्या."

बॉनेट उघडलं, डाव्या टोकावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "दाब रे गाडी." दोनदा दाबली, त्यांनी मान हलवली. वरचा नट गननं आवळताना आतला रॉडही सोबत फिरत राहिला होता. नट घट्ट वाटला, पण पूर्ण बसलाच नव्हता. त्यांनी रॉड ॲलन कीनं धरला आणि नट हातानं आवळला. दहा मिनिटांत काम झालं. लिंक रॉडचे पैसे मात्र उगाच गेले होते.

काका पैसे द्यायला गेले तर मिस्त्री म्हणाले, "चहा पाजा, आणि आधी अलाइनमेंट करून घ्या. मग जा पाचगणीला."

तुमची गाडी वाजत असेल तर आम्हाला आवाज पाठवा. सोबत तीन गोष्टी लिहा : काय बदललं, आवाज कधीपासून सुरू झाला आणि नेमका कधी येतो. नुसतं "वाजतेय" लिहिलंत, तर मीही तुम्हाला रॅकच टाकायला सांगेन!

भेटूया पुढच्या भागात. गाडी जपून चालवा.