परसदारी फुलवा गुल-ए-शब्बो

मराठीत निशिगंध किंवा गुलछडी, उर्दूत गुल-ए-शब्बो. ‘निशि’ म्हणजे रात्र आणि ‘शब’ म्हणजेही रात्रच. याचा सुगंध दिवस मावळल्यावर खुलतो, म्हणून दोन्ही भाषांनी त्याला रात्रीचे नाव दिले. मूळचे हे झाड मेक्सिकोचे. पण निकाहचा सेहरा असो की कबरीवर वाहायची फुले, आपल्या घरांत ते आता परके राहिलेले नाही.

धरमतर खाडीच्या तोंडाशी असलेल्या रेवससारख्या गावात मात्र अनेक भगिनी म्हणतात, “कंद लावले, पाने आली आणि पावसात सारे कुजले.” कंद कुजतो तो मुळाशी साचलेल्या पाण्याने. पाण्याला वाट करून दिली, तर हेच झाड कोकणच्या पावसातही तगते आणि शरदात फुलते.

लावणी एप्रिल-मे महिन्यांत करावी, म्हणजे पावसाआधी मुळे धरतात. सुपारीएवढे किंवा त्याहून मोठे, टणक कंद निवडावेत. बारा इंची कुंडीत तीन-चार कंद दोन इंच खोल बसवावेत. लाल माती, कुजलेले शेणखत आणि नदीची वाळू समप्रमाणात घ्यावी. किनाऱ्यावरची वाळू हाताशी असली तरी वापरू नये. तिच्यातले मीठ मुळांना मारते. कुंडीखाली दोन विटा ठेवाव्यात, म्हणजे तळाचे भोक मोकळे राहते. जमिनीत लावायचे असेल तर वीतभर उंच वाफा करावा.

उन्हाळ्यात खाडीकाठच्या विहिरी मचूळ होतात. ते पाणी कंदांना घालू नये; तांदूळ-भाजी धुतलेले गोडे पाणी राखून ठेवावे. जागा मात्र भरपूर उन्हाचीच हवी.

घरासाठी एकेरी जात उत्तम, तिला सुगंध अधिक असतो. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या ‘शृंगार’ आणि ‘प्रज्वल’, तसेच राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘फुले रजनी’ या जाती चांगल्या आहेत.

लावणीनंतर साधारण तीन-चार महिन्यांनी दांडा येतो. तो कमरेपर्यंत वाढतो, म्हणून समुद्राच्या वाऱ्यात त्याला काठीचा आधार द्यावा. कळ्या खालून वर उमलतात. खालच्या दोन-तीन उमलल्या की सकाळी दांडा कापून पाण्यात ठेवावा. बाकीच्या घरात फुलतात.

एक कंद एकदाच फुलतो, पण भोवती पिल्ले सोडून जातो. म्हणून फुले संपली की झाड उपटून टाकू नका. हिवाळ्यानंतर पाणी तोडावे, पाने पिवळी पडली की कंद काढावेत आणि महिनाभर सावलीत हवेशीर ठेवावेत. मोठे कंद पुन्हा कुंडीत लावावेत. लहान पिल्लांना फुलण्याजोगे व्हायला वर्ष-दोन वर्षे लागतात. ती वेगळ्या वाफ्यात वाढवावीत. त्यांतली मूठभर शेजारणीला द्या, सासरी निघालेल्या लेकीच्या सामानात ठेवा. बाजारातली फुले दोन दिवसांत सुकतात. दिलेला कंद पुढच्या वर्षीही घर दरवळवतो.