डेबियन प्रणालीतील नियतकालिक कार्यांच्या फायली : पॅकेजची स्थापना व निष्कासन
१९९३ साली सुरू झालेल्या डेबियन या मुक्त संगणकप्रणालीत 'क्रॉन' हा प्रोग्रॅम नेमलेली कामे नेमलेल्या वेळी पार पाडतो. स्थापनेच्या वेळी पॅकेज आपल्या कामाची फाईल 'क्रॉन.डी' वा 'क्रॉन.डेली' यांसारख्या निर्देशिकेत ठेवते. सामाईक 'क्रॉनटॅब' फाईलला हात लावण्याची मुभा त्याला नाही. खरी अडचण निष्कासनाच्या वेळी उद्भवते. 'रिमूव्ह' या आज्ञेने मूळ प्रोग्रॅम नाहीसा होतो; परंतु व्यवस्थापकाने केलेले फेरबदल जपावेत या हेतूने ही फाईल मागे राहते व 'पर्ज' आज्ञेनेच हटते. परिणामी क्रॉन नसलेल्या प्रोग्रॅमला हाक मारीत राहतो आणि त्रुटीसंदेश व्यवस्थापकाच्या टपालात साचतात. अशा निरर्थक टपालाची सवय जडली की धोक्याची खरी सूचनाही न वाचता पुसली जाते, हे अधिक गंभीर होय. म्हणूनच फाईलने प्रथम प्रोग्रॅम अस्तित्वात आहे काय हे तपासावे व नसल्यास मुकाट्याने थांबावे, असे डेबियनचे धोरण सांगते. फाईलच्या नावात टिंबही नसावे, हा नियम वरवर विक्षिप्त वाटतो. मात्र अद्ययावतीकरणात 'डीपीकेजी'ने टिंबयुक्त नावाने मागे ठेवलेल्या जुन्या प्रती त्यामुळेच चालविल्या जात नाहीत.