भिंतीवरील वाळलेली खळ आणि रंगाचे जतन

निवडणुकीच्या दिवशी गावातील शाळेचे मतदान केंद्र होते. आरोग्य शिबिरे तेथेच भरतात आणि परीक्षेच्या काळात आसनक्रमांकांचे कागदही त्याच दारांवर लागतात. काम आटोपल्यावर कागद फाडले जातात व मागे राहतो वाळून कडक झालेल्या खळीचा थर. तो काढण्यासाठी सामान्यतः सुरी, पत्र्याचा तुकडा किंवा पॉलिश कागद हाती घेतला जातो. खळीबरोबर रंगाचे पापुद्रेही निघतात आणि जेथे केवळ डाग होता तेथे पांढरा चट्टा उमटतो. भिंतीचे नुकसान चिकटवणाऱ्यापेक्षा खरवडणाऱ्याच्या हातून अधिक होते, असे म्हणणे भाग आहे.

याचे कारण सोपे आहे. वाळलेली खळ रंगाच्या वरच्या थराला घट्ट धरून असते. तो थर मात्र खालच्या गिलाव्याला पुष्कळदा तितका घट्ट चिकटलेला नसतो. कोरड्या स्थितीत जोर लावला असता जोड सुटतो तो कमकुवत जागी, म्हणजे रंग आणि भिंत यांच्यामध्ये. म्हणून चिकट पदार्थ आधी मऊ करावा व मग उचलावा. तो कशाने मऊ होतो आणि त्याच द्रव्याने रंगही सुटणार नाही ना, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून भिंतीस हात लावू नये.

मैद्याची किंवा गव्हाच्या पिठाची खळ ही मुख्यतः पिष्टमय पदार्थाची असते. पाणी शोषून ती फुगते व मऊ पडते. कोमट पाण्यात भिजवून पिळलेले फडके तिच्यावर दहा-पंधरा मिनिटे दाबून ठेवावे आणि नंतर लाकडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी आडवी धरून थर सरकवावा. बाभळीच्या डिंकासही हाच उपाय लागू पडतो. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालण्याची पद्धत आहे. तो विषारी असल्याने हे काम मुलांकडून करवून घेऊ नये. तैलरंगाच्या दारास अशा ओल्या फडक्याने काही होत नाही. डिस्टेंपरवर पाणी बेताने वापरावे. साध्या चुन्याच्या भिंतीवर मात्र डाग पुसण्याचा खटाटोप व्यर्थ होय. तेथे हलक्या हाताने खरवडून चुन्याचा नवा हात देणे स्वस्त पडते.

सुतारकामातील पांढऱ्या गोंदाचा, म्हणजे फेव्हिकॉलसारख्या पदार्थाचा, प्रश्न अधिक नाजूक आहे. त्याचा मुख्य घटक पॉलिव्हिनिल ॲसिटेट. तो वाळल्यावर पाण्यात सहजी विरघळत नाही, परंतु ऊब व ओलावा मिळाल्यास रबरासारखा लवचीक होतो. थिनर किंवा ॲसिटोनने तो चटकन सुटतो, हे खरे. तथापि अनेक प्लॅस्टिक इमल्शन रंगांतील बंधक द्रव्य याच रासायनिक कुळातील असते. जे गोंदास विरघळवते ते रंगासही सोडत नाही. अशा भिंतीवर गरम पाण्याचे फडके पुनःपुन्हा ठेवून गोंद बोटांच्या टोकांनी सोलून काढणे, हाच वेळखाऊ पण निर्धोक मार्ग आहे.

चिकटपट्टीचे पाणी काहीच करीत नाही. तिच्यावरील रबरी लेप जुना झाला की आधी तेलकट होतो व पुढे पिवळा पडून ताठरतो. तैलरंगाच्या कपाटावर किंवा दारावर त्यास थोडे खोबरेल लावून अर्धा तास राहू द्यावे, मग पुसून साबणाच्या पाण्याने धुवावे. तेवढ्याने न सुटल्यास टर्पेंटाइनचा बोळा फिरवावा. मात्र रंग नुकताच दिलेला असेल तर हा उपाय टाळावा. डिस्टेंपर किंवा चुन्यावर तेल कधीही लावू नये. त्याचा डाग नव्या रंगातूनही वर येतो. धुण्याच्या सोड्याचा तीव्र द्रावही तैलरंगास मारक ठरतो, कारण तेलापासून साबण बनतो तीच क्रिया तेथे घडते. लाखेचे पॉलिश असलेल्या जुन्या लाकडी कपाटास स्पिरिट लावल्यास डागाआधी पॉलिशच निघून येते.

कोणताही उपाय दाराआड, सहसा न दिसणाऱ्या जागी आधी करून पाहावा. पांढऱ्या फडक्यावर रंग उतरू लागला तर तेथेच थांबावे.

जुन्या तैलरंगाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे केंद्र शासनाचे नियम २०१६ साली निघाले व १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आले. त्यापूर्वीच्या दारा-खिडक्यांच्या रंगात शिसे असू शकते. पॉलिश कागदाने कोरडे घासल्यास त्याची धूळ वर्गभर पसरते. बालकांच्या मेंदूस शिशापासून अपाय होतो आणि त्याची कोणतीही मात्रा निर्धोक मानली जात नाही. म्हणून असे काम ओल्यानेच, वर्ग रिकामा असताना करावे, पापुद्रे गोळा करून जमीन ओल्या फडक्याने पुसावी व ते फडके पुन्हा वापरू नये.

स्वच्छ केलेला भाग भोवतालच्या मळक्या रंगात उठून दिसतो, त्यामुळे शक्य तर तो पूर्ण पट्टा धुवून घ्यावा. भिंत नव्याने रंगवावयाची असली तरी खळ तशीच ठेवून वरून रंग देऊ नये. पावसाळ्यात तिच्यावर बुरशी धरते आणि नवा रंग नेमक्या त्याच चौकोनात सुटू लागतो.