कच्चा लिंबू की पक्का गडी?

लगोरी, लपंडाव, डबा ऐसपैस खेळताना आपल्यात एक तरी 'कच्चा लिंबू' असायचाच. कुणाचा तरी धाकटा भाऊ, नाहीतर बहिणीचं बोट धरून आलेलं शेंबडं पोर. त्याच्यावर राज्य यायचं नाही, तो आउट झाला तरी चालायचं. पण गडी वाटून घेताना त्याला आधी कुणी मागायचं नाही, हेही तितकंच खरं! आता मुलांचे खेळ अंगणातून पडद्यावर गेले. कच्चा लिंबूही त्यांच्या मागोमाग तिथे पोचला. या पडद्यावरच्या कच्च्या लिंबाचं नाव आहे चिकोरीटा.

पोकेमॉन हे नाव तुमच्या कानावरून नक्की गेलं असेल. १९९६ साली जपानमध्ये हा खेळ आला आणि २००३ मध्ये कार्टून नेटवर्कवरून पिकाचू आपल्या घरांत शिरला. तेव्हा शाळेतून आल्याआल्या टीव्हीसमोर बसणारी मुलं आज स्वतः आईबाप झाली आहेत. खेळ थोडक्यात असा : सुरुवातीला तीन प्राण्यांपैकी एक निवडायचा, त्याला घेऊन गावोगाव फिरायचं, वाटेत आणखी प्राणी पकडायचे आणि प्रत्येक गावच्या उस्तादाशी झुंज द्यायची. एका वेळी जास्तीत जास्त सहा प्राणी सोबत ठेवता येतात. झुंजीचा नियम मात्र आपल्या स्वयंपाकघरातलाच. पाणी आग विझवतं, आग गवत जाळते आणि गवत पाणी पिऊन टाकतं. समोरच्याची जात आपल्याला सोयीची असली तर मार दुप्पट बसतो, गैरसोयीची असली तर निम्माच.

आमच्या कुर्ल्याला नेहरूनगरमध्ये शनिवारी दुपारी आम्ही काही जणी मुलांचा अभ्यासवर्ग घेतो. तिथे येणाऱ्या सहावीतल्या एका मुलाला त्याच्या मामाने जुनं, वापरलेलं खेळाचं यंत्र दिलं. त्यात पोकेमॉनचा 'हार्टगोल्ड' हा खेळ होता. मूळ खेळ १९९९ चा, ही त्याची २००९ मधली नवी आवृत्ती. समोर तीन प्राणी आले. आगीचा साइंडाक्विल, पाण्याचा टोटोडाइल आणि डोक्यावर हिरवं पान मिरवणारी चिकोरीटा. पोराला ते पान आवडलं आणि त्याने तिलाच उचललं. झालं! मित्रांनी त्याचं नावच 'पालेभाजी' पाडलं.

पोळीभाजी केंद्रात काम करणारी त्याची आई एका शनिवारी माझ्याकडे आली. "ताई, दोन दिवस हा नीट जेवला नाही हो. काय तर म्हणे, ते हिरवं जनावर सारखं हरतंय! ह्याचे पप्पा म्हणतात, पुसून टाक आणि पहिल्यापासून खेळ. तर हा रडतोय."

रडण्याला कारण होतं. या खेळात एकच डाव साठवता येतो. नवा डाव साठवला की जुना गेला. सुट्टीतले तासन् तास, पकडलेले सगळे प्राणी, सगळंच पाण्यात! आणि आईच्या मनात आणखी एक गोष्ट होती. निघता निघता ती हळूच म्हणाली, "ह्यालापण शाळेत कच्चाच म्हणतात. म्हणून ते जनावर टाकून द्यायचं म्हटलं की ह्याला लागतं."

मग मी त्या मुलालाच समोर बसवलं आणि म्हटलं, "चिकोरीटा कच्ची आहे म्हणतोस, तर मला पुराव्यासकट समजावून सांग."

त्याने वहीत मांडून दाखवलं ते मोठं गमतीचं होतं. या खेळात प्रत्येक प्राण्याचे सहा गुण ठरलेले असतात : जीव, मारा, बचाव, खास मारा, खास बचाव आणि वेग. त्यांची बेरीज केली तर साइंडाक्विल ३०९, टोटोडाइल ३१४ आणि आपली चिकोरीटा ३१८. म्हणजे एकूण गुणांत तीच पहिली! मग ती हरते का? तर तिचे गुण बचावात साठलेत. दोन्ही बचाव ६५, दोन्ही मारे मात्र फक्त ४९. त्यात पहिला उस्ताद फॉकनर पाळतो पक्षी आणि दुसरा बग्झी पाळतो किडे. पक्षी नि किडे पानाचं काय करतात ते परसात मेथी लावणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको. तिचा मार त्यांना निम्मा लागतो आणि पक्ष्याची चोच, किड्याचा चावा तिला दुप्पट. सुरुवातीचे दोन पेपर नेमके तिच्या न येणाऱ्या विषयांचे!

म्हणून कच्च्या गड्याला ठेवायचं की नाही हे ठरवताना तीन प्रश्न विचारावेत, असं मला वाटतं.

पहिला, पुढे कोण कोण भेटणार आहे? पक्षी आणि किडे यांच्या मधल्या वाटेवर गळ टाकून बसलेले कोळी भेटतात, त्यांच्याकडे पाण्यातले प्राणी. मग एक गुहा लागते, तिथल्या गिर्यारोहकांकडे दगडाचे प्राणी. हे दोन्ही चिकोरीटाचे हक्काचे गिऱ्हाईक. दगड आणि माती अशा दोन्ही जातींच्या जिओड्यूडला तर तिच्या पानाचा मार चौपट बसतो. पुढे पाचव्या उस्तादाचा पॉलीरॅथ पाण्याचा, तिथेही तिचंच पारडं जड. मात्र सातवा उस्ताद बर्फाचा आणि आठवा ड्रॅगनचा, तिथे पुन्हा हाल. म्हणजे वाट सगळी काटेरी नाही आणि सगळी मऊही नाही.

दुसरा, मारण्याशिवाय तिला काय येतं? मोठी होताना ती 'रिफ्लेक्ट' नावाची विद्या शिकते. समोर एक अदृश्य भिंत उभी राहते आणि पाच फेऱ्या अंगावर येणारा थेट मार निम्मा होतो. ही भिंत तिच्या एकटीसाठी नसते, तिच्या जागी दुसरा गडी आला तरी तीच त्याला राखते. शिवाय 'सिंथेसिस' म्हणजे उन्हातून स्वतःची जखम भरून काढणं. घरात एखादी जाऊ असते बघा, पंगतीत वाढायला पुढे दिसत नाही, पण मागे ती नसेल तर चूल पेटत नाही. तशातली ही.

तिसरा, तिच्या जोडीला कोण आहे? हा प्रश्न विचारल्यावर पोराचे डोळे चमकले. पहिल्या झुंजीच्या आधीच जवळच्या अंधाऱ्या गुहेत जिओड्यूड सापडतो. दगडावर पक्ष्याच्या चोचीचं काय चालणार? आणि बग्झीचा हुकमी एक्का स्कायदर हा किडाही आहे नि उडणाराही, म्हणून त्याला दगडाचा मार चौपट! पोरगं त्या एकट्या चिकोरीटालाच दर वेळी पुढे ढकलत होतं. पुढच्या शनिवारी तो सांगत आला, "फॉकनरला जिओड्यूडने पाडलं. गुहेतल्या सगळ्यांना चिकोरीटाने." डाव पुसायची गरज पडली नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. कच्चं आहे म्हणून जीव लावला की शेवटी तेच सगळ्यांना भारी पडतं, असं काही नाही. याच खेळात मॅजिकार्प नावाचा नुसता तडफडणारा मासा आहे, बेरीज अवघी २००. विसाव्या पातळीला त्याचा ५४० गुणांचा अक्राळविक्राळ ग्याराडॉस होतो. चिकोरीटाचं तसं होत नाही. सोळाव्या पातळीला ती बेलीफ होते, बत्तिसाव्याला मेगॅनियम, आणि तेव्हा तिची बेरीज ५२५. शेवटच्या रूपात टोटोडाइलचा ५३० वर आणि साइंडाक्विलचा ५३४ वर गेलेला असतो. सुरुवातीला बेरजेत पुढे असलेली शेवटी किंचित मागेच राहते. तेव्हा गोष्ट पुरी करायची असेल तर ती खुशाल ठेवावी, जोडीदार नीट निवडावेत. पण मित्रांशी अटीतटीचा सामना असेल आणि समोरच्याकडे ड्रॅगन, पक्षी नि पोलादाचे प्राणी असतील, तर तिला त्या दिवशी बाहेर बसवणंच शहाणपणाचं. दया म्हणून उतरवून हरवण्यात तिचाही मान नाही. बाहेर बसवलेला प्राणी पेटीत सुखरूप राहतो आणि हवा तेव्हा परत घेता येतो. खेळ बनवणारेही तिला विसरलेले नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या 'लेजंड्स झेड-ए' या खेळातही सुरुवातीच्या तिघांत चिकोरीटा आहे.

आपल्या बोलण्यात मात्र 'कच्चा' हा शब्द फार सैल सुटतो. मुलगा कच्चा, सून कच्ची, बचत गटातली नवी बाई हिशेबात कच्ची. पण कशात कच्ची? कुणासमोर? तिच्या जोडीला कुणाला दिलं होतं? हे विचारायच्या आतच आपण शिक्का मारून मोकळ्या होतो. त्या पोराचंच बघा. भूमितीत तो आजही चाचपडतो. त्याला भागीदार म्हणून भूमिती येणारी एक मुलगी शेजारी बसवली आहे. आणि बेरजा, पट, निमपट यांची जी वही त्याने मला दाखवली, ती त्याच्या आईने जपून ठेवली आहे.

तुमच्या घरात सुट्टीच्या दिवशी यंत्र हिसकावून घ्यायची वेळ आली, तर जरूर घ्या. वेळेची शिस्त हवीच, आणि खेळात परस्पर पैसे भरले जात नाहीत ना हेही पाहा. पण हिसकावण्याआधी एकदा शेजारी बसून विचारा, "तुझा पहिला गडी कोणता रे? आणि तोच का घेतलास?" उत्तर ऐकायला दहा मिनिटं हाताशी ठेवा, कारण ते लांबणार आहे!