फाटा नसलेली वाट

सातारा, सांगली, कोल्हापूर जिल्ह्यांत दगड मांडून केलेले छोटे चक्रव्यूह अभ्यासकांनी नोंदवले आहेत. 2025च्या अखेरीस सोलापूरजवळ बोरामणीच्या माळावरच्या भल्यामोठ्या चक्रव्यूहाची बातमी आली. वेढे 15, व्यास सुमारे 50 फूट.

जरा हिशेब करू. मध्याच्या दोन्ही अंगांना 15-15 वेढे, म्हणजे वाटेची रुंदी जेमतेम दीड फूट. वर्तुळाच्या क्षेत्रफळाला तिने भागलं की वाटेची लांबी निघते: बाराशे-तेराशे फूट! मध्य मात्र काठापासून 25 फुटांवर.

एवढी लांब वाट, पण तिला फाटा नाही. अभिमन्यूला आठवत आत शिरणाऱ्याची निराशाच व्हायची. आत चुकायला जागाच नाही, आणि बाहेर यायचं ते त्याच वाटेने. डोकं चालवावं लागतं ते आखणाऱ्याला. एकही वेढा न गाळता, कुठलाही दुसऱ्यांदा न तुडवता त्याला वाट मध्यापर्यंत न्यायची असते.

याचा सात वेढ्यांचा जुना नमुना अंगणात रांगोळीने काढून बघा. अधिकचं चिन्ह, त्याच्या चार कोपऱ्यांत चार काटकोन, त्यांच्या पोटात चार ठिपके. अधिकचं वरचं टोक उजवीकडच्या लगतच्या टोकाला कमानीने जोडा. मग डावीकडचं पुढचं टोक उजवीकडच्या पुढच्या टोकाला, असं करत आठ कमानी पुऱ्या करा. वेढे बाहेरून मोजले तर वाट 3, 2, 1, 4, 7, 6, 5 अशी जाते. विषमानंतर सम, समानंतर विषम. वेढा बदलला की चालण्याची दिशाही उलटते. आता प्रत्येक आकडा 8मधून वजा करून रांग उलटी वाचा. तीच रांग!

ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या क्नोसोसच्या प्राचीन नाण्यांवर हीच आकृती आहे. ती व्यापाऱ्यांबरोबर इकडे आली असावी असं मानून आपल्याकडचे चक्रव्यूह दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन व्यापाराशी जोडले जातात. मला हा दुवा अजून कच्चा वाटतो; आकृती माहीत असली की दगड कुणीही, कधीही मांडू शकतो. वय सांगेल ती दगडाखालची माती. अंधारात गाडलेले क्वार्ट्झचे कण नैसर्गिक किरणोत्सारातली ऊर्जा साठवत राहतात आणि प्रयोगशाळेत उजेड दाखवला की ती प्रकाशरूपाने सोडतात. त्यावरून मातीला शेवटचं ऊन कधी लागलं ते कळतं. याला ओएसएल कालमापन म्हणतात. नमुना अंधारातच काढावा लागतो. कुणी सहज दगड उलटून पाहिला, तर त्याखालच्या उघड्या पडलेल्या मातीतली ही नोंद उन्हात पुसली जाते.