उसातला बिबट्या वाट चुकलेला नसतो

कराड, शिराळा, वाळवा या भागात उसाच्या फडात बिबट्या दिसला की तो चांदोलीच्या जंगलातून वाट चुकून आला, असे बहुतेकांना वाटते. हा समज दुरुस्त करण्यासाठी वावरक्षेत्र म्हणजे काय ते पाहावे लागते.

खाणे, पाणी, विसावा आणि पिल्ले वाढवणे यांसाठी प्राणी नेहमी जेवढ्या मुलखात फिरतो, ते त्याचे वावरक्षेत्र. त्यातला जो भाग तो इतरांपासून राखतो, ती त्याची हद्द. शेतकऱ्याचा रोजचा वावर घर, शेत, दूध डेअरी आणि आठवडी बाजार एवढ्यात असतो. मालकी मात्र फक्त घर आणि शेतावर असते. वावरक्षेत्र आणि हद्द यांतला फरक असाच आहे.

भक्ष्य आणि आडोसा मुबलक असेल, तर वावरक्षेत्र लहान राहते. उसात दोन्ही मिळते. कुत्री, डुकरे आहेत, वर्षातला बराच काळ दाट लपणही आहे. अनेक माद्या तिथेच वितात. अशा बिबट्यांचे घर ऊसच असते.

म्हणूनच पकडून दूर सोडण्याचा उपाय फारसा टिकत नाही. २००९ मध्ये नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीतून काढलेल्या ‘आजोबा’ या बिबट्याला कॉलर (ठिकाण कळवणारा गळपट्टा) लावून माळशेज घाटात सोडले. तो तिथे थांबला नाही. सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईजवळच्या जंगलात पोहोचला. शिवाय, रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या घेऊ शकतो.

तोडणीत पिल्ले सापडली तर ती हलवू नयेत. काम थांबवून वनविभागाला १९२६ वर कळवावे. मादी बहुधा रात्री परत येऊन त्यांना घेऊन जाते.