हिवाळ्यातील बाग

वसंताच्या व्यासपीठावरून हिवाळ्याची तरफदारी करणे थोडे धाडसाचेच आहे. परंतु बाग पाहायची ती पावसाळ्यात किंवा वसंतात, थंडीत तिथे काय आहे, अशी आपली एक समजूत असते. ती कितपत खरी आहे, हे पाहू.

मोगल अमदानीत नाशिकला गुलशनाबाद म्हणत. हे नाव सार्थ वाटते ते मार्गशीर्ष-पौषात. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. पाऊस सरला की हवा कोरडी होते, आभाळ निवळते आणि दिवसा तापलेल्या जमिनीची ऊब रात्री निघून जाते. पहाटे पारा अनेकदा १० अंशांखाली उतरतो; दुपारी मात्र लख्ख ऊन असते. गुलाबाला हेच मानवते. गारव्यात कळी सावकाश उमलते, म्हणून फूल भरदार होते आणि अधिक दिवस टिकते.

शेवंतीचे गणित निराळे. ती रात्रीची लांबी मोजते. फुलण्याची वेळ दिवस-रात्रीच्या लांबीवर ठरते, हे गार्नर आणि अ‍ॅलर्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली तंबाखू व सोयाबीन यांवरील प्रयोगांतून दाखवले. रात्र पुरेशी मोठी झाली की शेवंती कळ्या धरते. म्हणून तिची कुंडी रात्रभर दिव्याखाली ठेवू नये. ती फुलायचीच राहून जाते.

आता पानगळीविषयी. आपल्याकडची झाडे पाने टाकतात ती मुख्यतः पाणी वाचवण्यासाठी. पाने पाणी हवेत सोडतात आणि जमिनीतली ओल तर आटत चाललेली असते. तेव्हा देठाशी एक पातळ थर तयार होऊन पान अलगद सुटते. चाफा असा बोडका झाला की 'वाळला' म्हणून त्यावर कोयता चालवणारे लोक आहेत. तसे करण्यापूर्वी सालीवर नख ओढून पाहावे. आत हिरवे दिसले, तर झाड जिवंत आहे. गळलेली पानेही जाळू नयेत. आळ्यात पसरली तर ओल टिकते, कुजली तर खत होते.

मात्र थंडी सर्वांनाच सुखाची नसते. ज्या पहाटे आपण शाल पांघरून गुलाबावरचे दव पाहतो, त्याच पहाटे निफाडकडचा द्राक्षबागाईतदार बागेत शेकोट्या पेटवीत असतो. पारा फार घसरला, तर मणी फुगायचे थांबतात, तडकतात आणि वर्षाची मेहनत वाया जाते. हिवाळ्याचे कौतुक करताना त्याची आठवण ठेवली पाहिजे.

आज घरी जाताना वाटेत एखादा फुललेला चाफा दिसेल. चार महिन्यांपूर्वी तो काटक्यांचा सांगाडा होता. येत्या पौषात एका सकाळी त्याच झाडापाशी मुद्दाम थांबून त्याच्या फांद्यांची टोके न्याहाळावीत.